मोबाईलवर वाचावे की ई-रीडर घ्यावा?

रात्री मोबाईलवर पुस्तक वाचणाऱ्या बहिणी ‘डोळे चुरचुरतात’ म्हणतात. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. अक्षर बारीक म्हणून फोन नाकाशी येतो तो वेगळाच. किंडलसारख्या ई-रीडरचा पडदा कागदासारखा, बाहेरच्या उजेडावर वाचता येतो. व्हॉट्सॲपही मध्ये टपकत नाही. पण बाबासाहेबांचे खंड बहुतेक जण पीडीएफमध्ये वाचतात, आणि सहा इंची ई-रीडरवर पीडीएफचे अक्षर मुंगीएवढे दिसते. नुसत्या त्यासाठी हजारो रुपये घालू नका. मोबाईल आडवा करा, लांब धरा, दर २० मिनिटांनी २० सेकंद खिडकीबाहेर दूर बघा. कथा-कादंबऱ्या रोज वाचत असाल तर ई-रीडर जरूर घ्या. चाळिशी उलटली असेल तर त्याआधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या.