तीळ काढायचा की राहू द्यायचा?

दोस्तांनो, आरशासमोर उभे राहा आणि अंगावरचे तीळ मोजा पाहू! एक गालावर, दोन दंडावर... मानेमागचे मात्र ताईला मोजायला सांगावे लागतील. मोठ्या माणसाच्या अंगावर साधारण १० ते ४० तीळ सापडतात. तेव्हा तुमचा तीळ काही जगावेगळा नाही, बरं का!

आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग बनवणाऱ्या पेशी असतात. एरवी त्या विखुरलेल्या असतात. कुठे कुठे त्यांचा घोळका जमतो, तोच तीळ. बरेचसे तीळ लहानपणी आणि वयात येताना उगवतात. तेव्हा जुने तीळ जरा मोठे किंवा गडद होतात, तेही स्वाभाविकच आहे.

पण नेमका याच वयात गालावरचा तीळ डोळ्यांत खुपतो. वर्गात कुणीतरी चिडवतं आणि घरगुती उपाय सुरू होतात! भिवंडी हे यंत्रमागांचं गाव, सुताला काय तोटा? म्हणून कुणी सांगतं, सूत घट्ट बांधा, गळून पडेल. कुणी म्हणतं, पानाचा चुना आणि सोडा लावा. आता रसायनशास्त्र आठवा. चुना आणि सोडा ओले करून मिसळले की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो! तो कातडी जाळतो. तीळ एवढासा, पण वण केवढा तरी! शिवाय पेशी आत शिल्लक राहतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांत आंघोळ खुशाल करा, पण तीळ त्याने जात नाही.

मग डॉक्टरांकडे कधी जायचं? स्वतःला पाच प्रश्न विचारा. तिळाचे दोन अर्धे भाग वेगवेगळे दिसतात का? कडा वेड्यावाकड्या आहेत का? एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत का? रुंदी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तो झपाट्याने बदलतोय का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, किंवा तिळातून रक्त येत असेल, तर घरी सांगा आणि तो दाखवून घ्या. बहुतेक वेळा काळजीचं काही निघत नाही. पण क्वचित तो मेलॅनोमा नावाचा कर्करोग असू शकतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत हा आजार फार कमी आढळतो. झालाच तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. जमैकाचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ली याला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो झाला. १९८१ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी, तो गेला.

तीळ काढणं तसं सोपं असतं. डॉक्टर ती जागा इंजेक्शनने बधिर करतात, तीळ कापून काढतात आणि लागले तर टाके घालतात. शंका असेल तर तुकडा तपासणीला पाठवतात. म्हणूनच संशयास्पद तीळ लेसरने जाळू नये. जाळल्यावर तपासणार काय? चामखिळीची गोष्ट वेगळी. ती विषाणूमुळे येते, तिचे उपचारही निराळे.

दाढी करताना कापला जाणारा किंवा कपड्याला घासणारा तीळ काढून घ्यायला हरकत नाही. नुसता आवडत नाही म्हणूनही काढता येतो. पण तिथे बारीकसा वण राहणार, हे आधी समजून घ्या. बाकीचे तीळ राहू द्यात की! महिन्यातून एकदा त्यांच्यावर नजर टाकलीत की झालं. तळपाय विसरू नका हं!