‘मिले सुर’ पुन्हा चित्रित करताना

१५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आलं. माझ्या नातीच्या वर्गाने प्रकल्प म्हणून ते पुन्हा चित्रित केलं. स्पीकर सांभाळायला मी! गाणं वाजवायचं, त्यावर ओठ जुळवायचे. संथ दृश्याला गाणं आणि कॅमेरा दोन्ही दुप्पट वेगात; मग चित्र निम्म्या वेगाने दाखवलं की चाल संथ, ओठ मात्र बरोबर गाण्यावर.

तेवढ्यात झारखंडची एक मुलगी म्हणाली, “यात संथाली कुठाय?”

मी गप्प. बिहार रेजिमेंटमधल्या माझ्या कंपनीत कितीतरी जवान आदिवासी होते, तरी मला हे कधी खटकलं नव्हतं. मुलांनी तिची ओळ घातली. मूळ गाण्याशी जुळत नाही म्हणून गुण कापले. ओळ काढायला कुणी तयार झालं नाही.