विश्लेषण : घरच्या मैदानावर खेळाडूच्या शरीरात काय बदलते?
घरच्या मैदानाचा फायदा केवळ प्रेक्षक आणि ओळखीच्या मैदानापुरता नसतो. ब्रिटनमधील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाच्या निक नीव्ह आणि सँडी वुल्फसन यांनी फुटबॉलपटूंची लाळ तपासली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात घरच्या सामन्याआधी टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी जास्त आढळली. प्रतिस्पर्धी कट्टर असेल तर आणखी जास्त. प्राणी आपल्या हद्दीचे रक्षण करतात, तशीच ही प्रतिक्रिया असावी, असा त्यांचा कयास. कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या २००६ मधील अभ्यासातही हेच दिसले. शिवाय परक्या मैदानावर आत्मविश्वास कमी आणि चिंता अधिक होती.

म्हणून घरी विजय ठरलेलाच, असे मात्र नाही. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत, घरच्याच प्रेक्षकांसमोर भारताने क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना गमावला. संप्रेरक लढायला सज्ज करते. अपेक्षांचे ओझे खेळाडूलाच पेलावे लागते.