अर्धं वानखेडे मुलांचं

वानखेडे स्टेडियममध्ये साधारण 33 हजार माणसं बसतात. आयपीएलच्या दिवसांत त्यातली एक खुर्ची मिळवायला काय काय खटपटी कराव्या लागतात, हे कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना सांगायला नको. पण 7 एप्रिल 2024 या रविवारी याच स्टेडियममध्ये 18 हजार मुलं बसली होती आणि त्यांच्यातल्या एकानेही तिकिटाचे पैसे दिले नव्हते. म्हणजे निम्म्याहून जास्त स्टेडियम फुकट! तेही ऐन हंगामात, मुंबई इंडियन्स पहिले तिन्ही सामने हरून बसलेले असताना.

हा प्रकार अपघाताने घडलेला नाही. मुंबई इंडियन्सच्या मालकांचं रिलायन्स फाउंडेशन 2010 पासून मुलांच्या शिक्षणासाठी आणि खेळासाठी एक उपक्रम चालवतं. ‘एज्युकेशन अँड स्पोर्ट्स फॉर ऑल’ हे त्याचं नाव, थोडक्यात ‘ईएसए’. वस्त्यांमधल्या मुलांना शिकवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांशी त्याने हात मिळवलेला आहे. वर्षातून एकदा घरच्या मैदानावरचा एक सामना या संस्थांच्या मुलांसाठी राखला जातो. 16 एप्रिल 2023 च्या सामन्याला तर 19 हजार मुलीच बोलावल्या होत्या. तीनच आठवड्यांपूर्वी मुंबईच्या महिला संघाने पहिली महिला प्रीमियर लीग जिंकली होती. त्या दिवशी पुरुषांचा संघ महिला संघाची जर्सी घालून मैदानात उतरला.

आता या आकड्याकडे जरा हिशेबी नजरेने बघू. एका बसमध्ये पन्नास मुलं धरली, तर 18 हजार मुलांना 360 बस लागतात. एक बस साधारण अकरा मीटर लांब. सगळ्या एकामागोमाग उभ्या केल्या तर रांग जवळजवळ चार किलोमीटरची होते आणि स्टेडियमशेजारचा अख्खा मरीन ड्राइव्ह तिला पुरत नाही. वीस मुलांमागे एक मोठं माणूस म्हटलं तरी नऊशे ताई-दादा हवेत. प्रत्येक मुलाच्या घरून संमती हवी. निघताना हजेरी, उतरताना हजेरी, परतताना पुन्हा हजेरी. खाऊ, पाणी, उन्हासाठी टोपी, डॉक्टर आणि ‘ताई, शू लागली’ म्हणणाऱ्या शेकडो पोरांसाठी स्वच्छतागृहाची रांग. शाळेची एक सहल काढताना शिक्षकांच्या नाकी नऊ येतात. इथे तशा शेकडो सहली एकाच दुपारी एकाच दारात येऊन पोहोचतात.

आणि खरी गंमत इथेच आहे. नुसतं फुकट तिकीट जवळजवळ निरुपयोगी असतं. समजा, उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधल्या एखाद्या मुलीच्या हातात उद्या वानखेडेचा पास पडला. पुढे काय? सीएसएमटीपासून अंबरनाथ सुमारे 60 किलोमीटर, बदलापूर 68. उल्हासनगर त्यांच्या किंचित अलीकडे. बरं, वानखेडे मध्य रेल्वेवर नाहीच. दादरला उतरा, पूल ओलांडा, चर्चगेटची गाडी पकडा. त्यात रविवार, म्हणजे मेगाब्लॉक आहे का ते आधी बघा. सोबत मोठं माणूस हवं, म्हणजे कुणाचा तरी दिवस मोडला. जाण्यायेण्याचं भाडं, बाहेरचं खाणं, रात्री परतायची काळजी. इतकं सगळं जुळवण्यापेक्षा घरचे म्हणतील, ‘टीव्हीवर बघ गं.’ तेव्हा खुर्ची हा या भेटीचा सगळ्यात ठळक दिसणारा भाग असला, तरी मुलाला त्या खुर्चीपर्यंत नेऊन पुन्हा घरच्या उंबरठ्यावर सोडणारी साखळी हीच खरी भेट असते.

2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षांचे हे सामने रविवारी दुपारी साडेतीनचे होते, हेही ध्यानात घ्या. रविवारी शाळा बंद असते, त्यामुळे मुलं मोकळी आणि शाळांच्या बसही मोकळ्या. साडेसातचा सामना संपता संपता अकरा वाजून जातात. दुपारचा संपतो तेव्हा मुलांच्या निजायच्या वेळेला अजून अवकाश असतो.

त्या दिवशी स्टेडियमचा आवाजसुद्धा वेगळा असतो आणि त्यामागे शरीरशास्त्र आहे. प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपनं बोलताना सेकंदाला साधारण 100 ते 130 असतात. लहान मुलांचे स्वरतंतू आखूड. त्यांची कंपनं 250 ते 300 च्या घरात जातात आणि किंचाळताना त्याहून कितीतरी वर. आपला कान दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यातल्या आवाजांना सर्वांत तत्परतेने दाद देतो. त्यामुळे मोठ्यांची गर्जना घुमते, तर पोरांचा कल्ला थेट कानात घुसतो. 2024 च्या त्या सामन्यात रोमारिओ शेफर्डने शेवटचं षटक कसं खेळलं बघा: चार, सहा, सहा, सहा, चार, सहा. एका षटकात 32 धावा, त्याही 18 हजार मुलांसमोर! मुंबईने 234 धावा केल्या आणि हंगामातला पहिला विजय मिळवला.

मालकांना हे परवडतं कसं? 2023 ते 2027 या पाच वर्षांसाठी आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. सामने धरले होते 410. म्हणजे एका सामन्यामागे सुमारे 118 कोटी, आणि या उत्पन्नात संघांचा वाटा असतो. त्यापुढे एका दुपारची तिकिटं ही किरकोळ रक्कम. शिवाय निळ्या टी-शर्टमधली हजारो मुलं पडद्यावर दिसतात, आणि दहाव्या वर्षी जडलेला संघ माणूस सहसा बदलत नाही. यात मालकांचाही फायदा आहे, हे मोकळेपणाने मान्य करावं. त्याने त्या मुलांचा आनंद कमी होत नाही.

खेळ आणि दान यांचं नातं मात्र आयपीएलहून फार जुनं आहे. ग्लासगोचा सेल्टिक हा फुटबॉल क्लब 1887 मध्ये ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या धर्मबंधूने काढला, तो पूर्व ग्लासगोतल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा राहावा म्हणून. तिथे आधी दान सुचलं, संघ नंतर झाला! अमेरिकेत बॉस्टनच्या ब्रेव्ज या बेसबॉल संघाने 1948 मध्ये मुलांच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी ‘जिमी फंड’ला हातभार लावला. 1953 मध्ये तो संघ शहर सोडून गेला, तेव्हा प्रतिस्पर्धी रेड सॉक्सने ते काम उचललं आणि आजही ते चालू आहे. संघ गेला, काम राहिलं.

भारतात 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं. आधीच्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी काढून हा हिशेब होतो. शिक्षण आणि खेळांचं प्रशिक्षण ही दोन्ही कामं त्याच्या यादीत आहेत. पण जून 2014 च्या परिपत्रकात सरकारने एक मार्मिक अट घातली: मॅरेथॉन किंवा पुरस्कारांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम या खर्चात धरायचे नाहीत. काम प्रकल्प म्हणून चालायला हवं. रविवारच्या टाळ्यांपेक्षा सोमवारी काय होतं, याला कायद्याने जास्त किंमत दिली.

ईएसएच्या सामन्यालाही हीच कसोटी लावावी. मुलांना घेऊन येणाऱ्या संस्था त्यांना एरवीही शिकवत असतात, म्हणून त्या दुपारला आगापिछा आहे. सामन्याला जायचं म्हणून वर्गात नियमित येणारं पोर, वस्तीबाहेर पहिल्यांदा समुद्र बघणारं पोर, परत आल्यावर ‘मलाही खेळायचंय’ म्हणणारं पोर: या तिघांचंही पुढचं काम संस्थेतल्या ताई-दादांच्या गळ्यात पडतं.

आपल्या पट्ट्यात खेळाचं वेड कमी नाही. पाऊस सरला की ठाणे-रायगडच्या गावांतून टेनिस बॉलचे सामने रंगतात, बक्षिसाला मोटारसायकल लागते. कल्याणचा तुषार देशपांडे इथूनच पुढे गेला आणि 2024 मध्ये भारताकडून खेळला. वानखेडे उचलून बदलापूरला आणता येणार नाही. पण त्या रविवारची साखळी, म्हणजे विश्वासाचं मोठं माणूस, हजेरीची वही, खाऊ आणि घरापर्यंतची सोबत, यासाठी 48 हजार कोटी लागत नाहीत. उल्हासनगर महापालिका आणि अंबरनाथ, बदलापूरच्या नगरपरिषदांनी शाळांची मैदानं सुट्टीच्या दिवशी उघडी ठेवली आणि प्रत्येक मैदानावर एक ताई किंवा दादा उभा केला, तर पन्नास मुलांची पहिली बस भरायला फार वेळ लागणार नाही. आणि तिला मुंबईपर्यंत जायचीही गरज नसेल.