ताकातला पाव

बालमित्रांनो, सकाळी सायकलचा भोंपू वाजला की आपण पाव आणायला पळतो. हा 'पाव' शब्द मूळचा मराठी नाही बरं का! तो आला पोर्तुगीज भाषेतून. 1534 पासून 1739 पर्यंत आपली वसई पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले. पाव मात्र इथेच राहिला.

पण पाव फुगतो कसा? त्यासाठी पिठात वायू तयार व्हावा लागतो. आपल्या भागात हे काम ताडी करत असे. झाडावरून काढलेली ताजी नीरा गोड असते. काही तासांत तिच्यात यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव वाढतात. ते साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. नीरा फसफसते, तिची ताडी होते. हीच ताडी घालून पीठ ठेवलं की हळूहळू फुगतं. वसईच्या ख्रिस्ती घरांत समारंभाला जे 'फुगे' तळतात, त्यांचं पीठ पूर्वी असंच फुगवत. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववालेही, ताडीच वापरत.

ज्या देशात ताडच नाही, तिथे काय करायचं? आयर्लंडच्या शेतकऱ्यांची गोष्ट ऐका. तिथला गहू मऊ. त्याच्या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून यीस्टने पाव नीट फुगत नसे. गरिबाघरी भट्टीही नव्हती. पण लोणी काढल्यावर उरलेलं ताक होतं. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा स्वस्तात मिळू लागला आणि अडचण सुटली! 1845 पासून तिथे बटाट्यावर रोग पडून भयंकर दुष्काळ आला. सुमारे 10 लाख माणसं दगावली. अशा हलाखीत दिवस काढलेल्या देशात हा साधा पाव घरोघरी रुजला. झाकणाच्या जाड भांड्यात तो ठेवायचा आणि झाकणावरही निखारे रचायचे. आपल्या गोव्यात बेबिंका करतानाही वरून निखारे ठेवतातच की!

आता एक गंमत करा. पेलाभर आंबट ताकात चिमूटभर सोडा टाका. लगेच फेस येईल. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की तोच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. यीस्टला तास लागतात, सोड्याला क्षण पुरतो.

साहित्य : एक वाटी मैदा, एक वाटी कणीक, अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ, साधारण एक वाटी घट्ट आंबट ताक.

कृती : जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा जाड थर द्या, त्यावर स्टँड ठेवा आणि झाकण लावून दहा मिनिटं तापू द्या. (हे काम आईबाबांनीच करायचं.) तोवर कोरडं साहित्य चाळून घ्या. ताक थोडं थोडं घालून पीठ गोळा करा. पोळीसारखं मळू नका. मळलं तर वायू निघून जातो आणि पाव कडक होतो. गोल गोळा तूप लावलेल्या ताटलीत ठेवा. सुरीने त्यावर खोल फुली मारा, म्हणजे आच मधल्या भागापर्यंत पोचेल. लगेच पातेल्यात ठेवा. रेंगाळलात तर पाव बसलाच म्हणून समजा! मंद आचेवर पाऊण तास भाजा. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला. सोडा जास्त घालू नका, पाव पिवळा आणि कडवट होतो.

हा पाव ताजाच खायचा, दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो. गरम तुकड्याला लोणी लावून पाहा!

आणि हो, पालकहो, आज फुग्यांसाठी यीस्टची पुडी सहज मिळते. पण ताडी किती घालायची, पीठ किती वेळ ठेवायचं, हे जुन्या आजींना हाताच्या अंदाजाने ठाऊक आहे. तो अंदाज पुस्तकात सापडत नाही. मुलांनो, सुट्टीत शेजारच्या एखाद्या आजीजवळ बसा, विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आयर्लंडचा पाव शिकलात, मग आपल्या गावचा का राहावा?