काळ्या मातीतला गिअर : एक मागोवा

वाराणसीहून निघून जबलपूर, नागपूर, जाम आणि हिंगणघाट मागे टाकीत कन्याकुमारीस पोहोचणारा जो मार्ग पूर्वी सरकारी दफ्तरात राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून नोंदलेला होता, त्याच्यावरून गेल्या सहा-सात दशकांत मालमोटारींच्या गिअरपेटीची जवळजवळ प्रत्येक पिढी वर्धा जिल्ह्याने जाताना पाहिली आहे. १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेन्झशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधावयास घेतले. १९५९ पासून जर्मनीच्याच एम.ए.एन. कंपनीच्या परवान्याने जबलपुरात घडविलेले ‘शक्तिमान’ लष्करात दाखल होऊ लागले. आणि पुलगावला केंद्रीय दारूगोळा भांडार असल्यामुळे लष्करी मालमोटार हे या मुलखाचे नित्याचे दृश्य झाले.

त्या काळचे कौशल्य डाव्या पायात असे. ज्या पेटीत सिंक्रोमेश, म्हणजे दातचाकांचा वेग आपोआप जुळविणारी रचना, नसे, तिच्यात खालचा गिअर टाकावयाचा तर क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणावयाचा, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला नेमका एक हिसका द्यावयाचा, पुन्हा क्लच दाबून मगच दांडा पुढे ढकलावयाचा. हे सारे चढावर, भरल्या गाडीत, निमिषार्धात साधणाऱ्या चालकाला लोक ‘डबल क्लचवाला’ म्हणून मान देत, आणि तो मान सर्वथा यथार्थ होता.

परंतु हिंगणघाट-समुद्रपूरकडची काळी कसदार जमीन या कौशल्याचीही कठोर परीक्षा घेते. पावसाळ्यात ही मृत्तिका फुगते, टायरच्या नक्षीत भरून चाक गुळगुळीत करून टाकते, आणि पांदण रस्त्यावर शिरलेली गाडी केवळ आपल्या गतीच्या बळावर पुढे सरकत राहते. अशा वेळी गिअर बदलण्यासाठी क्लच दाबताच चाकांकडे जाणारा जोर तुटतो, गती मरते, आणि गाडी आसापर्यंत रुतते. स्वयंचलित पेटीतील टॉर्क कन्व्हर्टर मात्र इंजिनाचा जोर तेलाच्या प्रवाहातून पुढे देतो. जोर अखंड राहतो, शिवाय आरंभी तो वाढूनही मिळतो. म्हणूनच दुर्गम मोहिमांच्या ट्रकांत स्वयंचलित पेटी ही चैनीची वस्तू आहे, हा आपल्याकडचा जुना समज मला कधीच पटला नाही.

अमेरिकन सैन्याने हा प्रयोग फार पूर्वी केला. १९५०च्या सुमारास जी.एम.सी.चे अडीच टनी ट्रक हायड्रामॅटिक पेटीसह आले, पण पुढे कित्येक दशके त्याच वजनाच्या रिओ बनावटीच्या साध्या गिअरच्या ट्रकांनीच मुख्य भार वाहिला. अखेर १९९०च्या दशकातील नव्या पिढीत अ‍ॅलिसनची स्वयंचलित पेटी कायम झाली.

आपल्याकडे मध्यंतरी तिसराच प्रकार रूढ होऊ लागला. ज्यास ए.एम.टी. म्हणतात त्या पेटीत क्लच पूर्वीचाच असतो, फक्त तो दाबण्याचे काम यंत्र करते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा खुला झालेल्या, सेलू-आर्वीवरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गासारख्या सपाट, अखंड रस्त्यावर ती चालकाच्या गुडघ्यावर मोठाच उपकार करते. चिखलात मात्र तिचाही जोर गिअर बदलताना तुटतोच. तेव्हा तिला खऱ्या स्वयंचलित पेटीच्या पंक्तीस बसविणे न्याय्य नव्हे.

साध्या गिअरचा पक्ष दुबळा आहे, असा याचा अर्थ नव्हे. महामार्गाकाठच्या कोणत्याही गॅरेजात मिस्त्री जॅकवर पेटी उतरवितो, जळक्या वासाची, काळी पडलेली क्लच प्लेट बाहेर काढतो, नवी बसवितो, आणि गाडी मार्गस्थ होते; टॉर्क कन्व्हर्टर किंवा त्याच्या झडपांचा संच बिघडला तर ती तजवीज मोठ्या शहराखेरीज होत नाही. बॅटरी उतरली तर साध्या गिअरची गाडी उतारावर सोडून वा दुसऱ्या ट्रकने ओढून सुरू करता येते, जे स्वयंचलित गाडीत सहसा साधत नाही. लांबच लांब घाटउतारावर खालचा गिअर इंजिनाकडून गाडी आवरून धरवितो, तर स्वयंचलित पेटीस त्याकरिता बहुधा रिटार्डरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या वेगळ्या साधनाची, जोड द्यावी लागते.

म्हणून हिंगणघाटहून लडाखकडे निघणाऱ्या, वाटेत स्वतःच्याच हातांवर विसंबणाऱ्या माणसास मी आजही साधा गिअरच सुचवीन. पावसाळ्यात पांदणीतून औषधे आणि धान्य पोहोचविणाऱ्या ट्रकाला मात्र टॉर्क कन्व्हर्टर हवा, आणि त्याची दुरुस्ती शिकलेला निदान एक मिस्त्री वर्ध्यातच तयार व्हावा.