लग्नातली एक्स्प्रेसो आणि कॅफेतली

भाचीचा पहिला पगार झाला आणि ती हट्टाने मला संभाजीनगरातल्या एका कॅफेत घेऊन गेली. आम्ही वाळूजकर, बजाजनगरची माणसं. बाहेर काही प्यायचं म्हणजे टपरीवरचा चहा, तोही कंपनीची शिफ्ट सुटायच्या आत. मेन्यूकार्डावर ओळखीचं एकच नाव दिसलं, एस्प्रेसो. म्हटलं, ही तर आपली लग्नातली कॉफी! ऐटीत तीच सांगितली.

समोर आला भातुकलीतला वाटावा असा कप. तळाशी दोन-तीन घोट काळंभोर काहीतरी. ना दूध, ना फेस, ना वर भुरभुरलेलं चॉकलेट. पहिल्याच घोटाला आईच्या हातचा काढा आठवला. ‘मॅडम, मिल्क हवं होतं का?’ असं वेटरने विचारलं आणि शेजारच्या टेबलावरची मुलं हसली. मी मुकाट्याने कप संपवला. बी.ए. झालेली, चार कार्यक्रमांत माइक हातात घेणारी बाई मी, पण त्या कार्डापुढे अगदी अडाणी ठरले. मग भाचीच्या कॅफेत काम करणाऱ्या मैत्रिणीला गाठलं आणि सगळं खोदून खोदून विचारून घेतलं.

मैत्रिणींनो, त्या सगळ्या अवघड नावांच्या मुळाशी एकच वस्तू आहे. एस्प्रेसो म्हणजे कॉफीचा दाट अर्क. भाजलेल्या बियांची बारीक पूड, एका कपाला साधारण ७ ते ९ ग्रॅम, जाळीत दाबून बसवायची आणि तिच्यातून कढत पाणी जोराने ढकलायचं. जोर किती? साधारण ९ बार, म्हणजे आपल्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी असतो त्याच्या जवळजवळ नऊपट. २५-३० सेकंदांत जेमतेम ३० मिलिलिटर अर्क उतरतो आणि त्यावर बदामी साय धरते. तिला क्रेमा म्हणतात.

पुढे त्यात काय आणि किती घालायचं, एवढ्यावरच नाव बदलतं. नुसतं गरम पाणी वाढवलं की अमेरिकानो. दुधाच्या फेसाचा एक ठिपका दिला की मॅकियाटो. इटालियन भाषेत त्याचा अर्थच ‘डाग पडलेली’. अर्क, दूध आणि वर जाड फेस म्हणजे कॅपुचिनो. कॅपुचिन पंथाच्या साधूंच्या तपकिरी झग्यावरून हे नाव पडलं म्हणे. दूध भरपूर आणि फेस पातळ असेल तर लाटे. लाटे म्हणजे इटालियनमध्ये दूधच, त्यामुळे तिकडे नुसतं ‘लाटे’ मागितलं तर दुधाचा पेलाच पुढे येईल! ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या फ्लॅट व्हाइटमध्ये दूध लाटेपेक्षा कमी, म्हणून कॉफी जास्त लागते. चॉकलेट घातलं की मोका. येमेनमधल्या मोखा बंदराचं हे नाव. बाबा बुदन यांनी सात बिया लपवून चिकमगळूरला आणल्या असं सांगतात, त्याही येमेनमधूनच.

मग आपली लग्नातली एक्स्प्रेसो कोण? तिच्यात बियांची पूड नसतेच. इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध एकत्र करून त्यात वाफेची नळी बुडवायची. ती किंचाळते, दूध फसफसतं, वर चॉकलेट पावडर. थंडीतल्या लग्नात त्या मशीनपुढची रांग जेवणाच्या पंगतीला मागे टाकते. एक गंमत मात्र आहे. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी पेटंट घेतलेलं मूळ एस्प्रेसो मशीनही वाफेच्याच दाबावर चालायचं. क्रेमा आली ती गाजिया यांच्या दांड्याच्या मशीनमुळे, १९४८ च्या सुमारास. आणि घरी आपण साखर-कॉफी हात दुखेपर्यंत फेटून करतो ना, ती कॅपुचिनो नव्हे. तिलाच २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ‘डालगोना’ म्हणून जगभर मिरवलं गेलं!

हे ज्ञान महिन्याभरातच कामी आलं. आमच्या बचत गटाला प्रदर्शनात कॉफीचा स्टॉल लावायचा होता. एकाने जुनं ‘एस्प्रेसो मशीन’ देऊ केलं आणि किंमत अशी सांगितली की गटाची दोन वर्षांची शिल्लक साफ झाली असती. बायका तयारही झाल्या होत्या. मी विचारलं, पूड भरायची दांडीची जाळी कुठंय? पंप कुठंय? दाबाचा काटा किती बार दाखवतो? तो म्हणाला, ‘ताई, वाफेची नळी आहे की!’ म्हणजे लग्नातलंच मशीन, भाव मात्र कॅफेतल्या मशीनचा. तसलं मशीन आम्हाला मांडववाल्याकडून तीन दिवसांसाठी भाड्याने मिळालं.

मग पाटीवरून वाद. एकजण म्हणाली, ‘कॅपुचिनो लिहू, दहा रुपये जास्त येतील.’ दुसरी म्हणाली, ‘आणि एखाद्या पोरीने विचारलं, बी कुठली आहे, तर?’ बरीच गरमागरमी झाली. शेवटी खडूने लिहिलं, ‘लग्नातली कॉफी’. दुसऱ्या दिवशी दुपारीच दूध संपलं आणि मला स्कूटीवरून आणखी दहा लिटर आणायला पळावं लागलं.